सुट्या भागांची सायकल

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासावरील लेख मागितला होता. आयुष्यभर इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा ती काय असणार? तथापि या वेळी वाचकांची अनुमती घेऊन आम्ही एका सायकलीविषयी लिहीत आहोत. ही सायकल आपल्या वसतिगृहाच्या मागील पडवीत उभी आहे. माजी विद्यार्थी वर्धापनदिनास येतील तेव्हा ती त्यांच्या दृष्टीस पडेलच. ती कोणत्याही दुकानातून तयार आणलेली नाही. नववी-दहावीच्या सात मुलांनी चार महिन्यांच्या रविवारी, माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या ६,००० रुपयांत, डोंगरवाटेवर चालेल अशी ही सायकल सुट्या भागांतून उभी केली. ती कशी झाली आणि ती करावी की नाही यावरून कोणता प्रश्न उभा राहिला, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू.

वस्तुतः आपले उल्हासनगरच सुट्या भागांतून जुळलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, पण 'कॅम्प' हा शब्द आमच्या पत्त्यांत कायमचा राहिला. घरदार गमावून आलेल्या त्या माणसांनी मिळेल त्या वस्तूतून धंदे उभे केले. पुढे कारखान्यांच्या ओढीने आपली माणसे गावोगावहून येथे आली. या गावच्या मालावरील 'यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कोणी ऐकलेला नाही? विनोद सोडला तरी एवढे खरे की, मोडकी वस्तू टाकून देण्यापूर्वी येथे माणूस दोनदा विचार करतो. कॅम्प १ मधील भंगाराच्या दुकानात मुलांना घेऊन जाताना आम्हांला म्हणूनच संकोच वाटला नाही.

डोंगरी सायकल हा श्रीमंतांचा छंद आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिचा जन्म मात्र भंगारातच झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, मरिन परगण्यातील काही तरुण १९७० च्या दशकात जाड टायरांच्या, तीस-चाळीस वर्षे जुन्या सायकली मिळवून डोंगरउतारावरून पिटाळीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. तिचे नाव 'रीपॅक', कारण एका उतरणीत मागच्या ब्रेकाच्या हबमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी फ्रेम बनविली आणि १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ल्स केली यांनी अशा सायकलींचा व्यवसाय सुरू केला. ही हकिकत आम्ही वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, मग आपण का नाही?" सायकलीचे निमित्त ते एवढेच.

भंगारात मिळालेली पोलादी फ्रेम चिमट्यासह ८०० रुपयांना आली. घेण्यापूर्वी तिची परीक्षा केली. जोडांपाशी तडा नाही ना, हे रंग खरवडून पाहिले. मग हँडलच्या नळीपासून मागच्या चाकाच्या दोन्ही खाचांपर्यंत दोरी ताणली आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. अंतर सारखे भरले, म्हणजे फ्रेम वाकलेली नव्हती. चिमट्याला स्प्रिंग असावी हा मुलांचा आग्रह आम्ही मान्य केला नाही. स्वस्त स्प्रिंगचा चिमटा वजन वाढवितो, आधार थोडका देतो.

दुसरा धडा मापाचा. बाजारात २६ इंची टायर मागितला की दोन वेगळ्या वस्तू हाती येऊ शकतात. साध्या सायकलीचा २६ × १⅜ हा टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो आणि डोंगरी सायकलीचा २६ × १.९५ हा ५५९ मिलिमीटरच्या रिमवर. नाव एक, वस्तू दोन! मुलांनी टायरच्या कडेवर कोरलेला आकडा वाचूनच खरेदी केली. इतिहासाच्या तासाला आम्ही जे नित्य सांगतो, की नावावर जाऊ नका, मूळ साधन पाहा, ते त्या दिवशी फळ्याविना समजले.

जुन्या फ्रेममधील बॉटम ब्रॅकेट काढताना उजवीकडची वाटी हलेना. दोन मुले पान्ह्याला लोंबकळली तरी ती जागची ढळेना. तिसऱ्याने आटे निरखले आणि ते उलटे असल्याचे दाखविले. उजवी वाटी आणि डावे पायडल यांना उलटे आटे असतात, कारण चालवताना पडणाऱ्या फिरत्या दाबाने सरळ आट्यांचा भाग तेथे हळूहळू सैल झाला असता. पान्हा उलट दिशेने फिरविताच वाटी सुटली.

सर्वांत अधिक वेळ चाकांनी घेतला. प्रत्येक रिमला ३६ भोके, म्हणजे दोन्ही मिळून ७२ स्पोक. धम्मचक्र मुलांच्या नित्य परिचयाचे, राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राचे २४ आरे त्यांना तोंडपाठ. पण एकही आरा आपल्या हाताने बसविलेला नव्हता. एक स्पोक तीन स्पोकांना छेदून जाईल अशी वीण घालायची आणि मग चाकाचा आउट काढायचा. ब्रेक शूच्या जागी पेन्सिल धरावी, रिम जेथे तिला घासेल तेथे समोरच्या बाजूच्या स्पोकचे निपल पाव फेरा आवळावे. घाई केली तर एक बाक जातो आणि दोन नवे येतात. मागच्या चाकात तर उजवीकडे फ्रीव्हील जागा अडवीत असल्यामुळे त्या बाजूचे स्पोक अधिक ताणावे लागतात, तेव्हा कोठे रिम मध्यावर येते. समान ताण दिला तर चाक एका अंगाला राहते. शैक्षणिक सवलतींविषयी आम्हांला अनेकदा वाद घालावे लागले आहेत. यापुढे आम्ही हे चाक दाखवू.

हिशेब मुलांनी वहीत ठेवला आहे. फ्रेम व चिमटा ८००, रिम ७००, हब ५५०, स्पोक प्रत्येकी ४ रुपयांप्रमाणे २८८, टायर-ट्यूब १,१५०, फ्रीव्हील २८०, गिअरचा संच ७००, चेन २४०, ब्रेक ५६०, बॉटम ब्रॅकेट व क्रँक ४८०, केबल, छर्रे, ग्रीस व मुठी मिळून २००. एकूण ५,९४८. हँडल, सीट व पायडल वसतिगृहाच्या जुन्या सायकलीची. उरलेल्या ५२ रुपयांत पंक्चरचे साहित्य आले.

काम अर्ध्यावर आले असता एका मुलाची आजी मुरबाडकडून भेटीस आली. नातवाचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, आमच्या चार पिढ्यांचे हात काळेच होते. पोरगं तुमच्याकडं धाडलं ते त्याच्या हातात पुस्तक यावं म्हणून. पान्हा तर त्याला गावातबी मिळाला असता."

या प्रश्नाला तात्काळ उत्तर देणे आम्हांला उचित वाटले नाही, कारण त्यामागे आमचाही इतिहास उभा होता. आमच्या वडिलांनी कारखान्यातील पगारातून पहिली सायकल घेतली आणि ती घेऊन ते गावी गेले. वेशीपाशी त्यांना उतरावे लागले. चावडीसमोरून आपल्या माणसाने सायकलीवर बसून जायचे नाही, हा त्या गावचा नियम. नवी कोरी सायकल हाती धरून ते घरापर्यंत चालत गेले. हे त्यांनी आम्हांला एकदाच सांगितले. पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नाही.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात दाखवून दिले, की जात ही केवळ श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. श्रम हलका नसतो. तो जन्माने लादला जातो आणि त्यातील ज्ञान ज्ञान म्हणून मोजले जात नाही, तेथे अपमान सुरू होतो. यंत्राविषयीही बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. यंत्राने माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीविना संस्कृती नाही. आजीचा नातू जे करीत होता ते त्याच्या पणजोबाचे काम नव्हते. तो ते वहीत लिहून, मोजून, कारण विचारून करीत होता, आणि उद्या सोडून देण्यास मोकळा होता.

हे व्याख्यान आम्ही आजीला दिले नाही. तिच्या नातवालाच म्हटले, "आजीला गिअर समजावून सांग." त्याने चाक उचलून धरले. "आजी, हे बघ. पुढं २८ दाते, मागं २८ दाते. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. सायकल दोन मीटर जाती. चढावर हे. आता पुढं ४८ आणि मागं १४. एका फेऱ्यात सात मीटर. हे सपाटीवर. म्हणायला गिअर अठरा, पण २८ ला १४ आणि ४८ ला २४ हे सारखेच, दोन्ही दुप्पट. म्हणजे खरे अठरा न्हाईत."

"हे कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. गुणोत्तराचा धडा हाय ना, त्यातनं काढलं."

आजीने एका स्पोकवरून बोट फिरविले. ते काळे झाले, ते तिने पदराला पुसले. "दहावीचा निकाल लागू दे," ती आम्हांला म्हणाली, "मग बोलू." तिचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्या मुलाची परीक्षा या मार्च महिन्यात आहे, आणि रविवारच्या कामापूर्वी दोन तास अभ्यास हा नियम आम्ही त्या दिवसापासून केला आहे.

डिसेंबरात ही सायकल, इतर चार साध्या सायकली आणि आम्ही, असे सर्व जण कल्याणहून गांधारी पूल ओलांडून बापगावमार्गे लोनाडच्या बौद्ध लेण्यांकडे गेलो. शेवटच्या खडकाळ वाटेवर साध्या सायकली हाती धराव्या लागल्या. ही मात्र चढली, आणि मुलांनी आळीपाळीने ती चढविली. लेण्यात बसून आम्ही त्यांना सांगितले, की प्राचीन कल्याण हे मोठे बंदर होते आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, तसे सोनार आणि लोहारही आहेत. हाताने काम करणाऱ्याचे नाव दगडावर कोरण्यात त्या काळच्या संघाला कमीपणा वाटला नाही.

तेथेच मिलिंदपञ्हातील रथाची गोष्ट निघाली. नागसेन राजाला विचारतात, की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अखेर समजतो, की भाग जुळले असता त्या जुळणीला रथ हे नाव पडते. मुलांना ही गोष्ट पूर्वी पाठ होती. या वेळी त्यांनी ती स्वतःच्या अनुभवाने ऐकली, कारण पडवीत पसरलेले ते भाग त्यांनी पाहिले होते. एकाने विचारले, "सर, मग जातसुद्धा जुळवलेलीच ना?" होय. माणसांनी जुळविली आहे, म्हणून माणसांना ती सोडविता येते. आटे कोणत्या दिशेचे आहेत, हे मात्र आधी पाहावे लागते.

वडिलांच्या गावी आज आपली मुले चावडीसमोरून मोटारसायकलीने जातात, कोणी उतरत नाही. जे गाव अद्याप बदलले नसेल तेथे आपली मुले जातील तेव्हा त्यांच्या पायाखाली सायकल असावी आणि ती बिघडली तर दुरुस्त करण्याचे ज्ञान त्यांच्याजवळ असावे, ही आमची इच्छा आहे. दुसऱ्या सायकलीचे काम जूनमध्ये सुरू होईल. या वेळी मुलींच्या वसतिगृहातील पाच जणींनी नावे दिली आहेत. माजी विद्यार्थी व पालक यांच्या घरी जुनी फ्रेम, हब वा रिम पडून असेल तर ती भंगारात देण्यापूर्वी शाळेत आणून द्यावी. तडा गेलेली असली तरी चालेल. तडा कसा ओळखावा, हे शिकविण्यास ती उपयोगी पडेल.

सर्वांना सप्रेम जय भीम.