बोलोन्याची ओसरी

परदेशीं शिकावयास गेलेल्या माणसानें घरीं लिहिलें म्हणजे त्यांत तेथील मनोरे, चित्रें, बागा आणि थंडी यांचें वर्णन असावें, अशी वाचणारांची अपेक्षा असते. आणि ती रास्तहि आहे. परंतु परक्या शहरांतला पहिला आठवडा मनोरे पाहण्यांत जात नाहीं. तो एकाच प्रश्नांत जातो : रात्रीं अंग टाकावयास जागा कोठें मिळेल? इटलींतील बोलोन्या शहरीं कायद्याच्या पुढील अभ्यासासाठीं मी गेलें, तेव्हां माझेंहि तेंच झालें. त्या सात दिवसांत मला जें समजलें, तें इटलीइतकेंच आपल्या नाशकासंबंधींहि आहे, म्हणून येथें लिहावेंसें वाटतें.

बोलोन्या हें उत्तर इटलींतलें विद्येचें जुनें पीठ. तेथील विद्यापीठाची स्थापना परंपरेनें १०८८ सालची मानतात. इटालियन लोक या शहरास तीन विशेषणें लावतात : विद्वान, लठ्ठ आणि तांबडें. विद्वान तें विद्यापीठामुळें, लठ्ठ तें खाण्यापिण्याच्या चंगळीमुळें आणि तांबडें तें विटांच्या व कौलांच्या रंगामुळें. माझ्यासारख्या शाकाहारी मुलीस दुसऱ्या विशेषणाचा फारसा उपयोग झाला नाहीं. पहिले चार दिवस पाव, टोमॅटो आणि आईनें बांधून दिलेलें मेतकूट यांवर निभावले. परंतु एका गोष्टीनें पहिल्याच संध्याकाळीं धीर दिला. रविवारीं स्टेशनाबाहेर पडलें तों पाऊस लागलेला. तरीहि, सात रात्रींपुरती जेथें खाट घेतली होती त्या उतारूंच्या वसतिगृहापर्यंत मी जवळजवळ कोरडी पोंचलें. कारण त्या शहरांत रस्त्याच्या कडेनें, घरांच्या पोटांतून, माडीखालून जाणाऱ्या खांबांच्या वाटा आहेत. त्यांस तिकडे पोर्तिको म्हणतात. सगळ्या मिळून त्या ६२ किलोमीटर भरतात, आणि २०२१ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत त्यांची नोंद केली. आपल्या वाड्यांच्या ओसऱ्या एकीस एक जोडून गांवभर लांबवाव्या, तसें तें दिसतें.

या ओसऱ्या कशा झाल्या, ती हकीकत मोठी उद्बोधक आहे. मध्ययुगांत विद्यापीठाचें नांव ऐकून देशोदेशींचे विद्यार्थी तेथें लोटले. आसपासच्या खेड्यांतूनहि माणसें आलीं. घरें अपुरीं पडूं लागलीं. तेव्हां लोकांनीं माडीची जमीन रस्त्यावर पुढें ओढली, एकेक खोली वाढविली आणि तिला खालून लांकडी खांब दिले. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर इसोलानी घराण्याचें तेराव्या शतकांतलें घर आहे. त्याचे उंच लांकडी खांब अद्याप उभे आहेत. असल्या बांधकामास आळा घालण्याऐवजीं शहरानें १२८८ सालीं निराळाच कायदा केला. नव्या घरास अशी ओसरी असलीच पाहिजे. घोड्यावर बसलेला माणूस खालून जाईल इतकी ती उंच पाहिजे. जागा घरमालकाची, डागडुजी घरमालकाची, वाट मात्र सर्वांची.

त्या काळच्या परदेशी विद्यार्थ्यास गांवांत कसलाहि आधार नसे. त्याच्या एखाद्या देशबांधवानें कर्ज बुडविलें, तर तें याच्याकडून वसूल करीत. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा यानें बाराव्या शतकांत विद्यार्थ्यांना अशा जाचापासून अभय देणारा हुकूम काढला. पुढें या विद्यार्थ्यांनीं आपापल्या देशांचे संघ बांधले, आणि अध्यापक तासास उशिरा आला तर त्यास दंड करण्यापर्यंत त्यांची सत्ता गेली. १४९६ सालीं पोलंडहून तेवीस वर्षांचा एक विद्यार्थी धर्मकायदा शिकावयास आला. दोमेनिको मारिया नोवारा या ज्योतिषाच्या अध्यापकानें त्यास आपल्या घरीं ठेवून घेतलें. ९ मार्च १४९७ रोजीं रात्रीं चंद्रबिंबाआड रोहिणीचा तारा जातांना त्या विद्यार्थ्यानें पाहिला व टिपून ठेविला. त्याचें नांव कोपर्निकस. परक्या मुलास दिलेल्या एका खोलीचें मोल केवढें होऊं शकतें, हें मला त्यावरून कळलें.

ज्या शहरानें अशा मुलांसाठीं घरें रस्त्यावर ओढलीं, त्याच शहरांत आज विद्यार्थ्यास खोली मिळणें दुरापास्त झालें आहे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यानें आठ कामकाजाच्या दिवसांत वास्तव्याच्या परवान्यासाठीं अर्ज करावा, असा तेथील नियम. अर्जाचे कागद टपालकचेरींत मिळतात, त्यांस सोळा युरोंचें तिकीट लावावें लागतें, आणि त्यांत राहण्याचा पत्ता लिहावा लागतो. तो पत्ताच माझ्यापाशीं नव्हता.

सोमवारपासून गुरुवारपर्यंत अकरा घरें झालीं. एके ठिकाणीं खोली रिकामी असल्याचें फोनवर कबूल झालें. नांव सांगतांच ती भरली. एका बाईंनीं विचारलें, "तुम्ही तळण करतां का? मसाल्याचा वास भिंतींना धरतो." एका गृहस्थांनीं इटलींतच राहणारा जामीनदार मागितला. कोणी अपशब्द बोललें नाहीं. सर्वांनीं हंसून निरोप दिला. मला राग आला, आणि थोडें रडूंहि आलें. परंतु रात्रीं खाटेवर पडल्यावर ते प्रश्न पुन्हा पुन्हा कानीं येऊं लागले, तेव्हां ते फार ओळखीचे वाटले. आडनांव काय, मूळचें गांव कोणतें, घरांत शिजवतां काय — आपल्याकडे खोली पाहावयास आलेल्या मुलास ओसरीवर बसवून, पाण्याचा तांब्या पुढें ठेवून, अगदीं गोड शब्दांत हेच विचारतात.

माझे पणजोबा सिन्नर तालुक्यांतून शिक्षणासाठीं नाशकास आले, तेव्हां वार लावून जेवले. सहा वारांचीं सहा घरें मिळालीं. बुधवारचें घर मिळेना. "मी गणपतीसाठीं बुधवार धरतों," असें ते सांगत. खरें कारण त्यांनीं पुष्कळ वर्षांनीं फक्त पणजीस सांगितलें. पुढें रविवार कारंज्याजवळ स्वतःचें घर झालें, तेव्हां त्यांनीं ओसरीलगतची खोली एका विद्यार्थ्यासाठीं कायमची राखून ठेवली. हेंहि ध्यानांत ठेवावयास हवें कीं, वार मागण्याची सोय ब्राह्मणाच्या मुलास होती. इतर जातींच्या मुलांना नाशकांत तीहि नव्हती; त्यांच्यासाठीं बोर्डिंगें काढावीं लागलीं. १९१४ सालचें उदाजी मराठा बोर्डिंग त्यांपैकींच एक.

गुरुवारीं रात्रीं घरीं फोन केला. बोलोन्यांत साडेआठ म्हणजे नाशकांत बारा, तरी सारीं जागीं होतीं. बोलतां बोलतां काकांनीं सांगितलें कीं, ओसरीजवळची खोली पाहावयास सुरगाण्याकडची एक मुलगी येऊन गेली. परिचारिकेचें शिक्षण घेते, वडील शेतमजुरी करतात, भाडें देण्यास तयार आहे. "पण माणसें आपल्यांतलीं नव्हेत, तेव्हां विचार करूं म्हणून सांगितलें." काका मनानें कठोर नाहींत. माझ्या खर्चाचा मोठा वाटा त्यांनींच उचलला आहे. त्यांनीं तें सहज सांगितलें, आणि मी इकडे अकरा घरांची फुल्या मारलेली यादी हातांत धरून ऐकत होतें. फोनवर मला कांहीं बोलतां आलें नाहीं.

शुक्रवारीं बारावें घर पाहिलें. सान लुकाच्या टेकडीवर चढत जाणारी ६६६ कमानींची ओसरी सारागोत्सा दरवाजापासून निघते. त्या बाजूस एका वृद्ध बाईंची दोन खोल्यांची बिऱ्हाडवजा जागा होती. इटालियन माणूस दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडतांना "पेर्मेस्सो?" म्हणतो, म्हणजे "येऊं का?" आणि आंतून "आवांती", म्हणजे "या", असें उत्तर येतें. सरकारी परवान्याचें नांवहि तोच शब्द घेऊन चालतें. मी तो शब्द कसाबसा उच्चारला. बाईंनीं माझा देश विचारला नाहीं, कीं स्वयंपाक विचारला नाहीं. "रात्रीं कितीपर्यंत वाचत बसतां?" एवढेंच विचारलें. मी म्हटलें, बारापर्यंत. "मग ठीक. मला झोप येत नाहीं. दाराखालून उजेड दिसला तर बरें वाटेल." दुसऱ्या दिवशीं अर्जांतली पत्त्याची ओळ भरली.

रविवारीं काकांना सविस्तर पत्र लिहिलें. उपदेश करण्याइतकी मी मोठी नाहीं. १२८८ सालचा तो कायदा काय होता, बाराव्या घरच्या बाईंनीं काय विचारलें आणि पणजोबांचा बुधवार कशानें मोडला, इतकेंच त्यांत लिहिलें, शेवटीं, "ती मुलगी सध्यां कोठें राहते, याची चौकशी कराल का?" असें विचारलें.

नाशकांत आज पेठ, सुरगाणा, कळवण, धुळें, नंदुरबार येथून शेंकडों मुलें शिकावयास येतात. त्यांतील प्रत्येकाच्या पहिल्या आठवड्यांत कोणत्या तरी दारीं हाच प्रश्न उभा असतो. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचें एक तरी मूल आतां परदेशीं आहे, आणि तेथें त्यास कोणीतरी "या" म्हणावें, अशी आपण रोज देवापाशीं प्रार्थना करतों. तो शब्द आपल्या ओसरीवरूनहि कोणास तरी ऐकूं यावा, एवढेंच वाचकांपाशीं मागणें आहे.

काकांचें उत्तर अजून आलेलें नाहीं. आईच्या निरोपांत मात्र आहे कीं, आजीनें ती खोली झाडून पुसून घेतली, आणि खिडकीस नवा पडदा लावावयास सांगितला आहे.