विजेरीची ढाल

मराठवाड्यातील शेतकऱ्याचा दिवस सूर्यास्ताबरोबर संपतोच असे नाही. मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडलेली असते, गहू-हरभरा पाण्यावर आलेला असतो आणि विहिरीवरील मोटारीला वीज मात्र रात्री मिळायची असते. अनेक वर्षे शेतीच्या पंपांना वीज अशी पाळीपाळीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला कर्ता माणूस अंगावर घोंगडी घेतो आणि दारे धरायला निघतो. एक वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बांधायचे, पुढच्या वाफ्याचे उघडायचे, असे ते काम पहाटेपर्यंत चालते. त्याच्या एका हातात खोरे असते आणि दुसऱ्या हातात असते एक लहानशी विजेरी.

पुस्तकात तिला विजेरी म्हणतात. नांदेड-लातूरकडचा शेतकरी तिला बॅटरीच म्हणतो. नाव कोणतेही असो, अंधाऱ्या बांधावर तीच त्याचा डोळा असते. विहिरीचा काठ कोठे संपतो, पाट कोठे फुटला आहे, वाटेत पडलेली काळी रेघ दोरीची आहे की मण्यारीची, हे तीच सांगते. मण्यार हा विषारी साप रात्रीच हिंडतो. त्यामुळे विजेरी बंद पडणे ही तेथे केवळ गैरसोय नसते. तो जिवावरचा प्रसंग असतो.

या विजेरीचे सारे अंग धातूचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असते. तिचे एकच अंग नाजूक असते, ते म्हणजे तोंडावरची काच. विजेरी हातातून निसटली की ती कधी कधी तोंडावरच पडते. खाली मऊ काळी माती असली तर काच वाचते. पण पाटाच्या कडेचा काळा दगड लागला तर ती तडकते. मग फुटक्या काचेतून आत चिखल शिरतो, दिव्याला पाणी लागते आणि चांगली विजेरी निकामी होते. नवी काच महाग नसते. पण ती मिळायला तालुक्याचे गाव गाठावे लागते, आणि रात्रीची पाळी तोवर थांबत नाही.

प्रकाशाला काचेने जपावे आणि काचेला आणखी कशाने तरी जपावे, ही गरज आजची नाही. विजेरी येण्यापूर्वी घरोघरी कंदील असे. कराडजवळ ओगलेवाडी येथे १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभारला. पुढे तेथील ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात नावाजला गेला. कंदिलाची काच वाऱ्यापासून ज्योतीला राखी, आणि काचेभोवतीच्या तारा काचेला राखीत. दिवेलागणीच्या आधी ती काच राखेने व मऊ फडक्याने पुसण्याचे काम बहुधा घरातल्या मुलांकडे असे. काच काळवंडली तर दिवा लावूनही अंधारच राहतो, हा धडा त्या मुलांना न शिकवताच मिळे.

राखण करणारी वस्तू प्रकाशाचा थोडा वाटा स्वतःकडे घेते, हेही जुनेच सत्य आहे. १८१५ साली इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने खाणीतील कामगारांसाठी एक दिवा तयार केला. खाणीत पेट घेणारा वायू साचे आणि उघड्या ज्योतीने त्याचा स्फोट होई. डेव्हीने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. जाळीने उष्णता शोषून घेतल्यामुळे ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोचेना. परंतु त्याच जाळीमुळे दिव्याचा उजेडही मंद झाला. जीव राखायचा तर किती प्रकाश सोडावा, हा हिशेब तेव्हापासून दिवा करणाऱ्या प्रत्येकाला करावा लागला आहे.

हाच हिशेब गोदाकाठच्या एखाद्या खेड्यातील बारा वर्षांचा मुलगाही करू शकतो. नांदेड जिल्ह्यातील अशा एका घरी विजेरीची काच एका हिवाळ्यात दोनदा फुटली, असे समजावे. दुसऱ्या वेळी काच बसवून आणल्यावर मुलाच्या मनात आले, की काचेवर आणखी एक आवरण असते तर? घाव त्याने झेलला असता आणि काच वाचली असती.

विचार सुचायला क्षण पुरला. तो साधायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्याने दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा धुऊन विजेरीच्या तोंडावर ताणला व दोऱ्याने बांधला. रात्री अंगणातल्या कडुनिंबावर झोत टाकून पाहिला, तो झोतच नाहीसा झालेला! झाडाच्या बुंध्यावर नुसता धुरकट उजेड पसरला होता. पिशवीच्या दुधाळ पडद्यातून प्रकाश सरळ न जाता चहूकडे विखुरला होता.

ओसरीवर बसलेले आजोबा हसून म्हणाले, “पोरा, बॅटरीला कुडतं शिवलंस ते बरं केलंस, पण तिचे डोळेच झाकलेस की!”

“मग काय करू, आबा? काच उघडी ठेवली तर फुटते, आणि झाकली तर दिसत नाही.”

“जे लावलंय ते दिसूच नये, असं काहीतरी शोध.”

दुसऱ्या दिवशी मिठाईच्या रिकाम्या डब्याचे सपाट, स्वच्छ आणि पारदर्शक झाकण त्याच्या दृष्टीस पडले. त्याने विजेरी त्यावर पालथी धरून पेन्सिलीने वर्तुळ काढले, आईच्या देखरेखीखाली कात्रीने चकती कापली आणि पटकन घट्ट होणाऱ्या गोंदाने ती काचेच्या कडेवर चिकटवली. आता झोत दूरवर जात होता. मुलगा आनंदाने निजला. सकाळी पाहतो तो चकतीच्या आतल्या बाजूस पांढुरके धुके धरलेले! त्या गोंदाची वाफ आत कोंडून तेथेच बसली होती. चकती चिकटलेली असल्यामुळे ती पुसताही येईना. शेवटी वडिलांनी ती मोठ्या कष्टाने खरवडून काढली. काच वाचली, हेच नशीब.

तिसऱ्या दिवशी मुलगा पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानी गेला व सायकलच्या टाकाऊ ट्यूबचा तुकडा मागून आणला. ट्यूब आडवी कापली की रबराचे कडे तयार होते. दोन बोटे रुंदीचे असे एक कडे त्याने ताणून विजेरीच्या तोंडावर चढवले. अर्धे धातूवर आणि अर्धे तोंडाच्या पुढे. झाकणातून नवी चकती कापून तिची कड अंगणातल्या खरखरीत दगडावर घासून गुळगुळीत केली व ती त्या कड्याच्या आत काचेसमोर बसवली. पुढे आलेले रबर आपोआप आकसले आणि चकतीच्या कडेवर चहूबाजूंनी दुमडले. ना गोंद, ना दोरा. चकती घट्ट बसली होती, आणि नखाने रबर उचलले की ती सहज निघतही होती. शिवाय विजेरी पडलीच तर आधी रबर जमिनीला लागणार होते.

रात्री कडुनिंबावर पुन्हा झोत पडला. नुसत्या डोळ्यांना पूर्वीच्या व आताच्या उजेडात फरक कळेना. पण फरक होता. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शंभरातील सुमारे चार भाग प्रकाश मागे परततो. एका काचेला दोन पृष्ठभाग असतात. म्हणून स्वच्छ काचेतूनही शंभरापैकी सुमारे ९२ भागच पलीकडे जातात. पारदर्शक प्लॅस्टिकची गतही जवळजवळ तीच. काच आणि चकती दोन्ही ओलांडून बाहेर पडतात ते सुमारे ८५ भाग. म्हणजे ढालीचे मोल सात-आठ भाग प्रकाश इतकेच होते. मात्र तिच्यावर धूळ बसली किंवा ओरखडे पडले, तर हे मोल वाढत जाते. म्हणून मुलाने एक नियम केला : दर संध्याकाळी चकती काढायची, पाण्याने धुवायची आणि जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने टिपायची. कंदिलाच्या काचेचे जुने काम अशा रीतीने त्या घरात परत आले.

पंधरा दिवसांनी एके पहाटे वडील शेतावरून परतले. त्यांनी विजेरी मुलाच्या हाती दिली. चकतीवर एक लांब चीर गेली होती आणि कडेला चिखल वाळला होता. मुलाचा चेहरा उतरला.

“दादा, मोडली का हो?”

“बांधावरून पाय घसरला अन् बॅटरी पाटातल्या दगडावर आपटली,” वडील म्हणाले. “उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली, तर उजेड तसाच. चार पावलं गेलो तर वाटेत मण्यार आडवी. दिसली म्हणून थांबलो.”

मग ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मुलाने नखाने रबर उचलले, चिरलेली चकती काढली आणि आत पाहिले. काचेवर एक ओरखडाही नव्हता. मिठाईच्या त्याच झाकणातून त्याने दुसरी चकती कापली. तिला तीन दिवस लागले नाहीत. आईचा चहा होईपर्यंत ती बसूनही झाली.

या मुलाचे आजोळ लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आहे. सुट्टीत तो तिकडे गेला, तेव्हा आजीच्या उशाशी त्याला एक विजेरी दिसली. घरात विजेचे दिवे होते, मामाच्या मोबाइलमध्येही विजेरी होती. तरी आजी आपली विजेरी उशापासून दूर करीत नसे. त्याचे कारण त्याच तालुक्यातील किल्लारी परिसराने पाहिले आहे. १९९३ च्या सप्टेंबरची ती शेवटची पहाट. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि थकलेली गावे गाढ झोपली होती. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती क्षणात कोसळल्या आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे त्यांखाली सापडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या रात्री आकाशात पौर्णिमेचा चंद्र होता. पण पडलेल्या घरांच्या आत, ढिगाऱ्याखाली, चांदणे कोठून पोचणार? तेव्हापासून त्या भागातील जुन्या माणसांना उशाशी उजेड असल्यावाचून स्वस्थ वाटत नाही. आपत्तीसाठी घरात कोणत्या वस्तू तयार ठेवाव्यात याची यादी आज सर्वत्र सांगितली जाते. तिच्यातही विजेरी असतेच.

मुलाने आजीची विजेरी हाती घेऊन निरखली. काच शाबूत होती. त्याने खिशातून रबराचे कडे व चकती काढली आणि आजीसमोरच ती बसवली.

आजीने विजेरी लावून पाहिली व विचारले, “काय लावलंस रे बाळा? मला तर काहीच दिसंना.”

मुलगा हसला. आबांनी नेमके हेच तर शोधायला सांगितले होते.