मुकी तार

जुन्या परिचयाच्या माणसानें रस्त्यांत ओळख दाखविली नाहीं तर मनाला चुटपुट लागते. पण त्याचें आपल्याकडे लक्षच गेलें नसेल, अशी स्वतःची समजूत घालतां येते. यंत्राच्या बाबतींत तीहि सोय नाहीं. गेल्या महिन्यांत माझ्या संगणकानें माझीच हार्ड डिस्क ओळखण्याचें साफ नाकारलें, तेव्हां मला हें कळून आलें.

खिशांत मावेल एवढी ती चपटी डबी. तींत माझीं वीस वर्षांचीं टिपणें आहेत. तीं नाहींशीं झालीं असतीं तर माझ्या विद्यार्थ्यांनीं सुटकेचा निःश्वासच टाकला असता. परंतु तिच्यांतच आईच्या जात्यावरच्या ओव्याहि आहेत. २०११ सालच्या दिवाळींत बहिणीनें फारच आग्रह धरला म्हणून मीं त्या ध्वनिमुद्रित केल्या. पुढें दोन वर्षांनीं आई गेली. त्यांची दुसरी प्रत करून ठेवावी, हें मात्र मला कधीं सुचलें नाहीं.

डिस्क जोडली. तिचा इवलासा दिवा लागला; आंतलें चक्र फिरूं लागल्याची बारीक घरघरहि ऐकूं आली; पण पडद्यावर कांहींच उमटेना. काढून पुन्हां जोडली, संगणक बंद करून चालू केला, दुसऱ्या खांचेंत लावून पाहिली. व्यर्थ! कोपऱ्यावरच्या दुकानदारानें ती हातांत घेण्यापूर्वींच निदान केलें, "सर, डिस्क गेली." त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

सकाळीं बंगळूरला असलेल्या मुलीला फोन केला.

"बाबा, आंतून टकटक असा आवाज येतो का?"

"नाहीं."

"मग घाबरूं नका. येत असता तर ती ताबडतोब काढून ठेवा, असें सांगितलें असतें."

मग तिनें मला 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावयास लावलें. संगणकाला जोडलेल्या साऱ्या डिस्कांची ती हजेरीपट्टीच! कधीं कधीं डिस्क तेथें हजर असते. पण तिच्या वांट्याला इंग्रजी मुळाक्षरांपैकीं एखादें अक्षर आलेलें नसतें, म्हणून ती नेहमींच्या जागीं दिसत नाहीं. तें अक्षर दिलें कीं काम भागतें. माझ्या डिस्कचें नांव त्या पटावरहि नव्हतें.

"म्हणजे तिचा निरोपच संगणकापर्यंत पोंचत नाहीं. आधीं केबल बदलायची, मग खांच, मग संगणक. डिस्कवर संशय घ्यायचा तो सर्वांत शेवटीं. केबल कोणती लावली आहे?"

मी ओशाळलों. मूळची केबल सांपडेना म्हणून मोबाइल चार्ज करण्याची एक जुनी केबल मीं लावली होती. डिस्कची खांच लांबट असते, आणि तिच्या एका भागांत ही केबल नेमकी बसते. साध्या यूएसबी केबलींत चार तारा असतात : दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. केवळ चार्जिंगसाठीं म्हणून मिळणाऱ्या कांहीं स्वस्त केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. म्हणूनच दिवा लागत होता, चक्र फिरत होतें आणि संभाषण मात्र होत नव्हतें.

वीज पोंचत होती. शब्द पोंचत नव्हता. हा विचार मनांत आला आणि मी थबकलों. नोकरी लागल्यापासून मी आईला दरमहा न चुकतां पैसे पाठवीत असें. मनिऑर्डरीच्या फॉर्मावर निरोपासाठीं थोडी जागा असे. ती मी बहुधा कोरीच सोडीत असें. गांवीं चूल पेटत होती, दिवा लागत होता. तेव्हां सारें कांहीं सुरळीत चाललें आहे, असाच माझा समज होता.

मूळची केबल पुस्तकांच्या कपाटामागें सांपडली. ती लावतांक्षणींच ओळख पटली. प्रथम मीं ओव्यांच्या दोन प्रती केल्या आणि त्यांतली एक मुलीकडे पाठविली. मग ऐकावयास बसलों. पहिल्या ओवीच्या आधीं आईचा आवाज येतो, "म्हणूं का रे आतां?" त्यावरचें माझें उत्तर मुद्रित झालेलें नाहीं. मीं नुसती मान हलविली असावी.