हाक मारून मासे शोधणारी होडी

मुलांनो, आमच्या सावर्ड्याला समुद्र नाही. मुंबई-गोवा हमरस्ता आहे, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, आंबा-काजूच्या बागा आहेत. पण मासळी मात्र बाहेरून येते. त्यामुळे आमच्या चौथीच्या वर्गाला वाटायचं, जाळं टाकलं की मासे मिळतातच! एके दिवशी एका मुलीने विचारलं, "बाई, समुद्र एवढा मोठा. मासे नेमके कुठे आहेत, हे होडीतल्या माणसाला कसं कळतं?" दुसरी लगेच म्हणाली, "माझे मामा वेलदूरला असतात. ते होडीवर मासे दिसायचं मशीन बसवणार आहेत!"

मग काय, एका रविवारी आमची स्वारी वेलदूरला निघाली. सावर्ड्याहून चिपळूण, तिथून गुहागरचा रस्ता. मार्गताम्हाणे, शृंगारतळी ही गावं मागे पडली आणि वळणावळणाने आम्ही खाडीकाठी उतरलो. सह्याद्रीतून आलेली वाशिष्ठी नदी इथे समुद्राला मिळते. समोरच्या काठावर दाभोळ, डाव्या हाताला अंजनवेलचा गोपाळगड.

दाभोळ हे बहामनी राजांच्या काळातलं मोठं बंदर. त्या काळी पाण्याची खोली मोजायची साधी युक्ती होती. दोरीला शिशाचा गोळा बांधायचा आणि पाण्यात सोडायचा. गोळा तळाला टेकला की दोरी किती भिजली ते वावांत मोजायचं. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. मुलांनी लगेच हात पसरून आपापली वाव मोजली!

मामांच्या अंगणात नवं यंत्र खोक्यातून बाहेर काढून ठेवलं होतं. एक छोटा पडदा, एक लांब वायर आणि वायरीच्या टोकाला मुठीएवढा काळा ठोकळा. "खरं काम हा ठोकळा करतो," मामा म्हणाले.

तुम्ही डोंगरासमोर उभं राहून "ओऽऽ" अशी हाक मारता तेव्हा काय होतं? आवाज डोंगरावर आपटून परत येतो. हा ठोकळा पाण्यात तशीच हाक मारतो. पण ती इतक्या उंच पट्टीतली असते, की आपल्या कानांना ऐकूच येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. समजा, पाणी १५ मीटर खोल आहे. आवाज १५ मीटर खाली गेला, १५ मीटर वर आला. एकूण ३० मीटर. त्याला वेळ लागला सेकंदाचा पन्नासावा भाग! तेवढ्या वेळावरून यंत्र खोली सांगतं.

मासा कसा कळतो, यात खरी गंमत आहे. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे मासा पाण्यात तरंगून राहतो. आवाज या हवेवर जोरात आपटतो आणि परत फिरतो. म्हणजे यंत्राला माशापेक्षा माशाच्या पोटातली हवाच जास्त दिसते! मुशीला अशी पिशवी नसते, म्हणून तिचा प्रतिध्वनी क्षीण येतो.

जपानमध्ये नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली असं यंत्र बाजारात आणलं. पाण्यातून बुडबुडे येतात तिथे मासे असतात, हे त्यांनी मच्छीमारांकडून ऐकलं होतं. पाण्यातली हवा प्रतिध्वनी देते, हे त्यांना ठाऊक होतं. दोन गोष्टी जुळल्या आणि यंत्र तयार झालं.

"मग सगळ्यात मोठं मशीन का नाही घेतलं?" एका मुलाने विचारलं.

मामा हसले. "खोल समुद्रातल्या बोटीला जाड आवाजाचं मशीन लागतं. तो आवाज लांबवर जातो, पण बारीकसारीक दाखवत नाही. आम्ही काठाजवळच्या उथळ पाण्यात फिरणार. आम्हाला बारीक आवाजाचं बरं. तो लांब जात नाही, पण चित्र स्वच्छ देतो." यंत्रांवर हे आकडे ५० आणि २०० किलोहर्ट्झ असे लिहिलेले असतात. मामांनी दोनशेवालं घेतलं. शिवाय पडदा भर उन्हात दिसतो ना, खारं पाणी उडालं तर चालतं ना, होडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं ना, एवढं पाहिलं.

आता ठोकळा बसवायचा कुठे? इथे ती हवा पुन्हा आडवी येते. हवेमुळे मासा सापडतो, पण होडीच्या पंख्याने पाणी घुसळलं की तिथेही बुडबुडेच! ते ठोकळ्याखाली आले, की त्यांच्या पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून ठोकळा पंख्यापासून दूर, जिथे पाणी शांतपणे सरकतं तिथे हवा. तो होडीच्या तळापेक्षा किंचित खाली आणि पाण्याशी अगदी समतल हवा.

तळाला भोक पाडून बसवला तर? मामांची होडी रोज वाळूवर ओढतात, तो दुसऱ्याच दिवशी फुटेल. आतून चिकटवला तर? भरीव फायबरमधून आवाज जातो, पण मामांची होडी लाकडी, लाकूड आवाज अडवतं. शेवटी मामांनी होडीच्या कडेला एक पाइप बांधला आणि त्याच्या टोकाला ठोकळा लावला. काठाला येताना पाइप वर उचलायचा, की झालं! वायर मात्र मशीनच्या वायरींपासून लांबून नेली, नाहीतर पडद्यावर उगाच ठिपके नाचतात. उरलेली वायर कापली नाही, गुंडाळून ठेवली.

दुपारी खाडीत होडी फिरवून पाहिली. पडद्यावर तळाची जाड रेघ उमटली आणि तिच्यावर एक कमान. "मासा! इथेच आहे!" मुलं ओरडली. मामा म्हणाले, "इथे नाही, तो मागे गेला. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता. डावीकडे आहे ते होऊन गेलेलं." खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, ओहोटीला होडी त्यांवर रुतू शकते. त्यामुळे मासा मिळो न मिळो, खोली कळते हाच मोठा आधार.

काठावर मुलीचे आजोबा बसले होते. जन्मभर तांडेल म्हणून होडी चालवली त्यांनी. पक्षी कुठे घिरट्या घालतात, पाण्याचा रंग कुठे बदलतो, यावरून ते मासे शोधायचे. मामांनी यंत्रासाठी कर्ज काढलंय, हे त्यांना फारसं रुचलं नव्हतं. मामांचं म्हणणं, होडी रिकामी परत आली तर तेलाचेही पैसे अंगावर पडतात. आजोबा म्हणाले, "तुझं खरं आहे. पण हे मशीन मासा दाखवतं, तो पिल्लू आहे की मोठा, हे सांगत नाही. सगळ्यांनाच मासे दिसायला लागले, तर उद्यासाठी उरणार काय?"

मामा काही बोलले नाहीत. आत जाऊन नवं जाळं घेऊन आले आणि आजोबांसमोर पसरलं. त्याची आस, म्हणजे भोकं, आधीच्या जाळ्यापेक्षा मोठी होती. लहान मासा त्यातून निसटून जाईल. आजोबांनी भोकात तीन बोटं घालून पाहिली आणि मान हलवली.

मुलांनो, पापलेट हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. २०२३ साली सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. पुढच्या वेळी आईबाबांबरोबर बाजारात जाल, तेव्हा ती खिशात ठेवा. टोपलीतलं पापलेट साडेतेरा सेंटिमीटर भरतंय का, ते यंत्राला दिसत नाही, तुम्हाला दिसेल.