शेवटच्या खांबाचे गणित

१/
हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वीजजाळ्याचे शास्त्र कोणी शिकवलेले नसते. तरीही उपकेंद्राजवळचा पंप आणि वाहिनीच्या टोकाचा पंप यांतला भेद तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. टोकाचा पंप कण्हतो, पाणी कमी फेकतो आणि ऐन हळदीला पाणी हवे असताना त्याची मोटार जळते. त्या कण्हण्याचे गणित जगाने कधी मांडले, आणि इतक्या उशिरा का मांडले, याचा हा धागा.

२/
वीजजाळ्यात प्रयोग करून पाहण्याची सोय नसते. जितकी वीज लागते तितकी त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. चूक झाली तर शहरेच्या शहरे अंधारात जातात. म्हणून आधी तालीम करावी लागते. कोणत्या ठिकाणी किती दाब राहील, कोणती वाहिनी किती भार पेलेल, एखादी तुटली तर तिचे ओझे कोणावर पडेल? सिम्युलेशन म्हणजे या प्रश्नांची आकड्यांत केलेली रंगीत तालीम.

३/
पहिली तालीम आकड्यांत नव्हे, तांब्यात झाली. १९२९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून ‘नेटवर्क अ‍ॅनालायझर’ उभारला. रोध, वेटोळी आणि कपॅसिटर यांनी भरलेली ती एक खोलीच होती. अभियंते तारा खोचून खऱ्या जाळ्याची लहान प्रतिकृती जोडत आणि मीटरवर उत्तर वाचत. त्या वर्षी हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होती.

४/
या यंत्राला गणित ‘सोडवावे’ लागत नसे. निसर्गाचे नियम त्या तारांमधूनही तसेच वाहत, त्यामुळे उत्तर आपोआप मिळे. पण जाळे बदलले की तारा पुन्हा खोचायच्या, आणि खोली जेवढी मोठी तेवढेच जाळे तपासायचे. महायुद्धानंतर जाळी एकमेकांना जोडली जाऊ लागली, तशी ही खोली अपुरी पडू लागली.

५/
१९५६ मध्ये वॉर्ड आणि हेल या अभियंत्यांनी हेच काम अंकीय संगणकाकडून करून घेण्याची रीत मांडली. प्रत्येक बिंदूच्या दाबाचा आधी अंदाज धरायचा, शेजारच्या बिंदूंशी ताडून तो सुधारायचा, आणि तराजूची पारडी स्थिर होईपर्यंत धान्य घालावे-काढावे तसे हे करत राहायचे. यालाच भारप्रवाहाचे गणित म्हणतात.

६/
त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आला. १९६० च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. पुढे पूर्णा नदीवर येलदरी धरण उभे राहिले. त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे आणि तिथून सुटलेले पाणी खाली हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात येते. वीज आली, खांब आले, आणि खांबांबरोबर टोकेही आली.

७/
संगणकाची खरी अडचण होती स्मृतीची. हजार बिंदूंचे जाळे मांडायचे तर हजार ओळी आणि हजार स्तंभांची सारणी लागते, म्हणजे दहा लाख घरे. पण प्रत्येक बिंदू दोन-चार शेजाऱ्यांनाच जोडलेला असतो. भरलेली घरे चार-पाच हजारच, बाकी सारी शून्ये. १९६७ साली बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधल्या विल्यम टिनी यांनी सहकाऱ्यांसह दाखवले की, समीकरणे योग्य क्रमाने सोडवली तर ती शून्ये साठवावी लागत नाहीत.

८/
गावच्या सोयरिकीची यादी करताना कोण कोणाचा नातलग नाही याची वही कोणी ठेवत नाही. टिनींची युक्ती तितकीच साधी आणि तितकीच खोल होती. त्याच वर्षी त्यांनी आणि हार्ट यांनी न्यूटनची जुनी रीत या विरळ सारणीवर बसवली. तिथून पुढे शेकडो बिंदूंची जाळी मोजक्या फेऱ्यांत सुटू लागली.

९/
१९६९ मध्ये हर्मन डॉमेल यांनी आणखी एक दार उघडले. वीज कोसळते किंवा स्विच उघडतो त्या क्षणी, सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात, तारेत काय घडते त्याचे गणित त्यांनी संगणकावर आणले. उच्चदाब एकदिश वाहिन्यांसारखी कामे अशा तालमीखेरीज धाडसाची ठरली असती. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची तशी वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी १ मे रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

१०/
आता या कथेचे वळण. १९७४ साली स्टॉट आणि अल्साच यांनी भारप्रवाहाची अतिजलद रीत दिली; १९७६ मध्ये पीएसएस/ई हे सॉफ्टवेअर आले आणि जगभर पसरले. त्या जलद रीतीच्या मुळाशी एक गृहीतक होते: तारेचा प्रत्यक्ष रोध तिच्या प्रतिक्रिय रोधापेक्षा बराच लहान असतो. दोनशे-चारशे किलोव्होल्टच्या जाड वाहिन्यांसाठी ते खरे आहे. शेतातून जाणाऱ्या बारीक तारेसाठी खोटे.

११/
दुसरे गृहीतक चित्रातच दडलेले होते. मोठ्या जाळ्याच्या नकाशात उपकेंद्राखाली एक छोटा बाण काढतात आणि त्याच्याशेजारी आकडा लिहितात: इतके मेगावॅट. त्या बाणात शेकडो रोहित्रे, हजारो पंप, गिरण्या, शाळा, दिवे सगळे सामावलेले. नियोजकाच्या दृष्टीने ही सोय होती. पण बाणाला टोक एकच असते. वाहिनीला मात्र फाटे असतात, आणि शेवटचा खांबही असतो.

१२/
तिसरे गृहीतक असे की, तिन्ही फेजवर सारखाच भार असतो. ग्रामीण महाराष्ट्राने याला कधीच दाद दिली नाही. भारनियमनाच्या काळात दोनच फेज जिवंत असताना कपॅसिटर लावून तीन फेजची मोटार चालवण्याची युक्ती गावोगावी होती. पुस्तकातला समतोल आणि डीपीवरचा समतोल यांची कधी गाठच पडली नाही.

१३/
वितरणाच्या वाहिन्यांसाठी वेगळे गणित यायला १९८८ उजाडले. शिरमोहम्मदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागे-पुढे झाडण्याची रीत दिली: टोकाकडून उगमाकडे प्रवाहांची बेरीज करत यायचे, मग उगमाकडून टोकाकडे दाब मोजत जायचे. १९९४ मध्ये डी. दास, एच. एस. नागी आणि डी. पी. कोठारी या भारतीय अभियंत्यांनी फांद्याफांद्यांच्या वाहिन्यांसाठी एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. मागे-पुढे झाडण्याच्या त्या रीतीत गणिताची सुरुवातच शेवटच्या खांबापासून होते.

१४/
त्या खांबावर काय दिसते? मोटारीची फिरवण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब वीस टक्क्यांनी घटला की ताकद शंभरावरून चौसष्टवर येते. मोटार तेवढेच पाणी उचलायला धडपडते, अधिक प्रवाह ओढते आणि तिचे वेटोळे तापते. वाढलेला प्रवाह तारेतला दाब आणखी पाडतो, आणि शेजारचा पंपही कण्हू लागतो. जळालेल्या मोटारीमागे बहुधा एकट्या शेतकऱ्याचा निष्काळजीपणा नसतो. सगळ्या वाहिनीचे गणित असते.

१५/
इथे परदेशी अनुभवही अपुरा पडतो. शहरी घरांचा भार मांडताना सगळे दिवे एकाच वेळी लागत नाहीत असे धरतात, आणि ते बरोबरही असते. कृषी वाहिनीवर वीज ठरावीक तासच येते, आणि पंपांना ऑटो स्विच लावलेले असतात. ‘लाइट आली’ की सगळे पंप एकदम सुरू होतात. हा क्षण ज्या प्रतिकृतीत नाही, ती प्रतिकृती मराठवाड्याची नाही.

१६/
प्रतिकृतीला अन्न लागते ते मोजमापाचे. ग्वाल्हेरला जन्मलेले अरुण फडके आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेक इथे पीएमयू हे यंत्र घडवले. उपग्रहाच्या वेळेशी जुळवून ते दूरदूरच्या उपकेंद्रांतली स्थिती एकाच क्षणी, मायक्रोसेकंदाच्या अचूकतेने टिपते. जाळ्याचा माथा असा उजळला. पायथ्याशी मात्र मीटर नसलेल्या पंपांना अश्वशक्तीवर बिल येत राहिले आणि त्यांच्या वापराचा अंदाजच बांधला जात राहिला.

१७/
महाराष्ट्रातही मोलाचे काम झाले. आयआयटी मुंबईतल्या कामातून एस. ए. सोमण, एस. ए. खापर्डे आणि शुभा पंडित यांचा विरळ सारण्यांवरचा ग्रंथ २००२ मध्ये आला. तिथेच घडलेल्या वेबनेटयूज या सॉफ्टवेअरच्या आधारे, २०११ पासून आंतरराज्य पारेषणाचे शुल्क वाटले जाऊ लागले. भारप्रवाहाचे गणित असे थेट पैशाच्या वाटणीत उतरले. पण त्या हिशेबात राज्य हाच मागणीचा एक प्रदेश होता. गाव त्याहून फार खाली.

१८/
२००८ मध्ये अमेरिकेतल्या ईपीआरआय या संस्थेने ओपनडीएसएस हे वितरणाचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. तिन्ही फेज वेगवेगळ्या, दिवसाचा प्रत्येक तास वेगळा, आणि प्रत्येक रोहित्र स्वतंत्र. एकेकाळी ज्यासाठी एक खोली लागे, ते काम आज हिंगोलीतला अभियांत्रिकीचा विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर, विनामूल्य करू शकतो.

१९/
आणि आता त्याची निकड वाढली आहे. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून कृषी वाहिन्यांना जवळच्या सौर प्रकल्पांची वीज मिळू लागली. एका दिशेने वाहणाऱ्या वाहिनीत वीज मध्येच शिरली, की दुपारी पंप बंद असताना दाब वाढतो आणि ढग आला की पडतो. दुसरीकडे, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल माफ झाले. शेतकऱ्याला दिलासा मिळाला. पण बिल उरले नाही, की मोजण्याची घाईही ओसरते.

२०/
याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहत आहे. २०२३ मध्ये तिला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. चार किलोमीटर लांबीच्या बाहूंत प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी सूक्ष्म हालचाल ती टिपेल. दूरच्या कृष्णविवरांची थरथर ज्या मातीत मोजली जाणार, त्याच मातीतल्या अनेक पंपांची वीज आजवर अंदाजाने मोजली गेली.

२१/
या सॉफ्टवेअरचा इतिहास संगणकाच्या वेगाचा आहे, तसा तो नकाशात कोणाला बिंदू मानले आणि कोणाला बाणात गुंडाळले याचाही आहे. १९२९ पासून रीती सुधारल्या, यंत्रे लहान झाली, साधने फुकट झाली. उरले आहे ते काम कमी झगझगीत आहे: कोणत्या खांबावर किती पंप, कोणती तार किती लांब आणि किती जाड, कोणत्या तासाला किती दाब, याची खरी नोंद. ती झाली, की मोटार जळण्याआधीच तिचे कण्हणे पडद्यावर दिसू शकेल.

(धागा समाप्त)