ढिगाच्या पोटातली ऊब

मिठाला वास नसतो. तरीही घाट उतरून रस्ता सपाटीला लागतो, माडांचे शेंडे दिसू लागतात, आणि समुद्र अजून कुठेच नजरेत नसताना गाडीच्या उघड्या खिडकीतून जो आत येतो, ओला, खारट, किंचित कुजका, ज्याच्या नुसत्या स्पर्शाने मागे पेंगणारी पोरं ताठ होऊन बाहेर डोकावू लागतात, तो वास कुणाचा?

शेवाळाचा. नेमकं सांगायचं तर शेवाळ मोडणाऱ्या जिवाणूंचा.

खडकावरचं हिरवं शेवाळ आणि पाण्यात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे शैवालकण गंधकाचं एक संयुग पेशींत बाळगून असतात. पेशी फुटली की जिवाणू त्यावर येतात, ते तोडतात, आणि त्यातून डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. किनारा दिसेनासा झालेल्या खोल समुद्रावर काही वादळपाखरं याच गंधाचा माग काढत अन्नापर्यंत पोचतात. १९८७ मध्ये काही शास्त्रज्ञांनी याच्याही पुढची कल्पना मांडली: हा वायू वर चढतो, हवेत त्याचे सूक्ष्म कण होतात, त्या कणांभोवती बाष्प धरतं आणि ढग होतो. तिच्यावर अजून वाद चालू आहे. पण एखादं पान मरतं आणि त्याचा काही अंश आभाळाच्या वाटेला लागतो, एवढंही मला खूप वाटतं.

माझं आजोळ मालवणजवळचं. उधाणाच्या दुसऱ्या दिवशी पुळणीवर शेवाळाची लांबच लांब ओळ पडलेली असायची, भरती कुठवर आली होती ते दाखवणारी. सरगॅसमच्या तपकिरी जटा, त्यांच्या देठांना लगडलेल्या मोहरीएवढ्या हवेच्या पुग्या, उल्वाची पातळ हिरवी पानं, मध्येच एखादा लाल झुबका. बोटांनी दाबलं की पुग्या टचकन फुटायच्या. आजी नाकाला पदर लावत नसे. ती त्या ओळीकडे बघून म्हणायची, "सगळां जिरता गो दर्यात." पुढे काही नाही. मीही विचारलं नाही.

एकदा अशा ढिगात मी कोपरापर्यंत हात घातला होता. वरचा थर उन्हाने करकरीत वाळलेला, मिठाने पांढुरका. त्याखाली ओलावा. त्याखाली बुळबुळीत, पानाचा आकार विसरलेला लगदा, त्यातून सैरावैरा उड्या मारत बाहेर पडणारे वाळूतले किडे. आणि अगदी तळाशी, जिथे काळी पडलेली वाळू लागते, तिथे हाताला जे लागलं त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती.

ऊब.

झाकून ठेवलेल्या जिवंत अंगाची असावी तशी ऊब. तिथे कुणीतरी जागं होतं, कामात होतं.

शेवाळ मोडणं सोपं नाही. जमिनीवरच्या झाडापानांत आढळत नाहीत अशा गंधकधारी शर्करांच्या साखळ्या त्याच्या अंगात विणलेल्या असतात, आणि प्रत्येक जोड सोडवायला वेगळं विकर लागतं. तपकिरी शेवाळातली फ्युकॉयडन ही त्यातली सर्वांत चिवट साखळी. २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की लेन्टिमोनास नावाचा एक समुद्री जिवाणू ती सोडवण्यासाठी सुमारे शंभर विकरं कामाला लावतो. शंभर! मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या देहात एकेका गाठीसाठी एकेक हत्यार. हे वाचताना मला आजोळचं घर आठवलं. आजीनंतर ते उतरवलं, तेव्हा कुणी घण घातला नव्हता. कौलं उतरवणारे वेगळे, वासे सोडवणारे वेगळे, आणि शेवटी चिरा न चिरा अलगद सुटा करणारे दोन भाऊ. दारं वरच्या वाडीत गेली, चिरे शेजारच्या गडग्यात बसले. ते आजही तिथे आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं.

पुढे कितीतरी वर्षांनी गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत मैत्रिणीने एक पेट्री डिश माझ्यापुढे धरली. तळाशी अगार. आपल्या घरी चायना ग्रास म्हणून येतं ना, तेच, लाल शेवाळातून काढलेलं. रोगजंतू वाढवायला जिलेटिन वापरलं की उन्हाळ्यात ते वितळून जाई, आणि कित्येक जंतू ते पचवूनही टाकत. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेस या गृहिणीने आपल्या संशोधक नवऱ्याला स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं. जावात राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून तिला ते ठाऊक झालं होतं. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूंवरच्या लेखात अगारचा उल्लेख केला. तिचा मात्र नाही. ती एक ओळ राहून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. अगार टिकलं, कारण जमिनीवरच्या बहुतेक जंतूंना ते खाताच येत नाही.

मैत्रिणीच्या डिशमधले जंतू मात्र समुद्रातले होते. तिने डिश तिरकी करून उजेडात धरली. प्रत्येक ठिपका अगारावर बसलेला नव्हता, त्यात खचलेला होता. इवलीशी खळगी, काठ उतरते, तळाशी चमकणारं पाणी. ज्या जमिनीवर त्यांना उभं केलं होतं, तीच ते खात होते. मग तिने वरून आयोडीन ओतलं. सगळी चकती गडद तपकिरी झाली आणि प्रत्येक खळगीभोवती एक फिकट वलय उमटलं, जणू चंद्राला खळं पडावं. विकर जिथवर पाझरलं होतं तिथवर अगार उरलंच नव्हतं. अशी खळगी पाडणारा जिवाणू नॉर्वेच्या ग्रान यांनी १९०२ मध्येच नोंदवला होता. फ्रान्समध्ये, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर रोस्कॉफ इथे एका लाल शेवाळावर सापडलेला झोबेलिया आज या कामातला सर्वांत अभ्यासलेला. त्याचं नाव ज्या क्लॉड झोबेल यांच्यावरून पडलं, त्यांच्याच नावाचं अगार गोव्यातल्या त्या प्रयोगशाळेच्या फडताळात ओळीने मांडून ठेवलेलं होतं.

पण मला खरं हलवून गेलं ते वेगळंच. समुद्रातून उचललेलं उल्वा सगळे जिवाणू दूर करून नितळ, निर्जंतुक पाण्यात वाढवून पाहिलं, तर त्याचं पान होत नाही. पेशींचा एक बेढब गोळा होतो. धरून ठेवणारं मूळ नाही, पसरणारी कड नाही. रोझिओव्हेरियस आणि मॅरिबॅक्टर हे दोन जिवाणू त्या पाण्यात सोडले की त्यांच्या पाझरत्या संकेतांवर गोळा लांबतो, पायथ्याशी रुजतो, वर हिरवं पातं होऊन लहरू लागतो. यातला मॅरिबॅक्टर झोबेलियाच्याच कुळातला. म्हणजे ज्या गोतावळ्याच्या हातून पानाला आकार येतो, त्याच गोतावळ्यात ते पान शेवटी उसवलं जातं. पुळणीवर पडलेलं पान परक्यांच्या हाती गेलेलं नसतं.

हे कळल्यापासून त्या वासाची माझी किळस गेली.

आणि हे समुद्राच्या काठावर थांबतही नाही. जपानी माणसं शतकानुशतकं नोरी खात आली. २०१० मध्ये उघड झालं की नोरीतली शर्करा तोडण्याचं जनुक, जे झोबेलियात सापडलं होतं, तेच जपानी माणसांच्या आतड्यातल्या जिवाणूंतही आहे. कधीतरी कच्च्या शेवाळावर बसून एखादा समुद्री जिवाणू पोटात उतरला असणार आणि तिथल्या रहिवाशांना आपली विद्या देऊन गेला असणार. कोणत्या घरात, कोणत्या जेवणात, ते कोण सांगणार! पण त्या जेवणानंतर एका माणसाच्या आत समुद्राचा एक धडा राहिला.

आता आजोळच्या पुळणीवर पर्यटक येतात, आणि ते येण्याआधी भल्या पहाटे किनारा झाडून घेतला जातो. काचा, थर्माकोल, जाळ्यांचे नायलॉनचे तुकडे यांच्याबरोबर शेवाळाची ती ओळही फावड्याने उचलून ट्रॉलीत भरली जाते. ढिगातले किडे टिपायला येणाऱ्या तुतवारांना मग ओली, स्वच्छ, रिकामी वाळू मिळते. तिथे हात घातला तर गारच लागते.

तुमच्या गावात किनारा सफाईचा दिवस ठरला, तर जरूर जा. प्लास्टिक उचला, काच उचला, जाळ्या उचला. शेवाळाला हात लावू नका.