दोन उंचीचा ओटा

घर नव्याने करायचं म्हटलं की लोक आधी रंग विचारतात, मग फॉल्स सिलिंग. आमच्या डोंबिवलीच्या जुन्या वन-बीएचकेचं काम काढलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: या घरात सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? मी आणि नवरा सकाळच्या लोकलने निघतो ते दिवेलागणीनंतर परततो. दिवसभर घरात असतात त्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे, उंची चार फूट दहा इंच, दोन्ही गुडघे धरलेले, आणि स्वयंपाक अजूनही त्यांच्याच हातचा. तरी आमच्या हाती आलेल्या पहिल्या आराखड्यात टीव्हीच्या भिंतीची चित्रं कितीतरी होती आणि स्वयंपाकघराचं एक. तो आराखडा मी बाजूला ठेवला.

माझा भाचा आर्किटेक्चर शिकतो. मे महिन्याच्या सुट्टीत तो एक अख्खी सकाळ आईंच्या स्वयंपाकघरात बसला. कागदावर खोलीचा नकाशा, हातात पेन्सिल. आई जिथून जिथे जातील तिथे एक रेघ. फ्रीजपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून सिंकपर्यंत, आणि डाळीच्या डब्यासाठी थेट हॉलमधल्या कपाटापर्यंत. जेवणाची वेळ झाली तोवर स्वयंपाकघराच्या दारात रेघांचा काळा पट्टा उमटला होता. आई तो कागद बघून म्हणाल्या, "एवढी चालते होय रे मी?"

ही पद्धत शंभर वर्षं जुनी आहे, हे त्यानेच सांगितलं. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्त्री-वास्तुरचनाकाराने फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होतं. कामाला लागणारा वेळ आणि पावलं यांचा हिशेब करून तिने १.९ बाय ३.४ मीटरच्या जागेत सगळं बसवलं. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. आज मॉड्युलर किचन म्हणून जे आपल्याला विकलं जातं त्याचं मूळ तिथे आहे. फक्त दुकानात ट्रॉलीचा रंग दाखवतात, पावलं कुणी मोजत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आम्ही डाळी-तांदळाचे डबे ओट्याखाली आणले आणि फ्रीज दाराजवळून सिंकच्या बाजूला सरकवला. त्या दोन बदलांनी निम्म्याहून जास्त रेघा पुसल्या गेल्या.

मग आला ओटा. आपल्याकडे तो सरसकट बत्तीस ते चौतीस इंचांचा करतात. पण त्यावर शेगडी ठेवली की पातेल्याचा तळ आणखी चार-पाच इंच वर जातो, आणि बुटक्या बाईला खांदे उचलून फोडणी ढवळावी लागते. सिंकचं नेमकं उलट. त्याचा तळ ओट्यापेक्षा सात-आठ इंच खाली, म्हणून भांडी घासताना कंबर वाकते. भांडी बहुतेक मी घासते, आणि मी आईंपेक्षा चांगली सात इंच उंच. कोपराच्या चार-सहा इंच खाली हात सहज चालतो, हा साधा ठोकताळा. त्या मापाने शेगडीचा भाग तीस इंचांवर आणि सिंकचा पस्तिसावर ठरवला.

गवंडी तयार होईना. "वहिनी, ओट्याला पायरी कुणी करत नाही. घाण अडकते त्यात." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मग पायरीच्या उभ्या बाजूलाही ग्रॅनाइटचीच पट्टी लावून घेतली आणि सांधा पक्का भरून घेतला. फडकं एका हाताने वरून खाली फिरतं. जुन्या ओट्याचा कडप्पा निघाला होता, तो फेकू दिला नाही. कापून सिंकखालच्या फळ्या केल्या. तिथे प्लायवूड हवंच असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं घ्यावं, साधं आयएस ३०३चं कमर्शियल प्लाय ओलीत फुगतं. पण कडप्प्याला पाण्याचं भय मुळातच कमी, आणि तो आमच्याच घरातला होता.

खिडकीखाली आईंसाठी भिंतीला धरून बैठक बांधली, अठरा इंच उंच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खोल, मऊ सोफ्यातून उठवत नाही. इथे भाजी निवडता येते, पाय जमिनीला टेकतात, आणि रस्त्यावरची भाजीवाली दिसते. बैठकीच्या पोटात वर्षाचं धान्य मावलं.

दिव्यांवर मी बराच वेळ घालवला. ट्यूबलाइट पाठीमागे असली की चिरायच्या भाजीवर आपलीच सावली पडते. म्हणून वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावली, ४००० केल्विनची. हॉलमध्ये ३००० केल्विन. ६५०० केल्विनचा निळसर उजेड मी घरात कुठेच ठेवला नाही, संध्याकाळी माणसांचे चेहरे त्यात आजारी दिसतात. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, तो नव्वदच्या पुढचा पाहून घेतला. भाजणीचा रंग आईंना त्या उजेडात नीट कळतो, हे माझ्या दृष्टीने कोणत्याही झुंबरापेक्षा मोठं.

बाल्कनी हॉलमध्ये घेण्याचा सल्ला मात्र सगळ्यांनी दिला. आमची बाल्कनी पश्चिमेला आहे. आपल्या या पट्ट्यात वारा तिकडूनच येतो, आणि दुपारचं ऊन व पावसाची झडही तिकडूनच. चार्ल्स कोरियांनी पेडर रोडजवळच्या कांचनजंगा इमारतीत, जी १९८३ मध्ये पुरी झाली, दोन मजली उंचीचे खोल सज्जे ठेवले ते याच कारणाने: जुन्या बंगल्यांचे व्हरांडे जसे ऊन-पाऊस झेलत, तसे. आमचा सज्जा चार फुटांचा, पण काम तेच करतो. हॉलची भिंत पावसाळ्यातही कोरडी राहते. चार फूट जागा मिळवायला ती भिंत पावसात उभी करणं मला पटलं नाही.

दिखाऊ म्हणावं असं एकच काम केलं. माळ्यावर पडलेली पितळी भांडी चिंचेने घासून हॉलमध्ये एका लांब फळीवर मांडली. एकाच, कारण उघड्या फळ्या जितक्या तितकी धूळ पुसावी लागते. भिंती फिकट पांढऱ्या ठेवल्या. पाहुणे आले की नजर थेट त्या पितळेवर जाते, आणि प्रत्येक भांडं कुणाच्या लग्नातलं हे आई सांगतात.

न्हाणीघर अजून बाकी आहे. दार बाहेर उघडणारं करायचंय. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अंगाला अडतं. खरखरीत टाइल्स निवडून झाल्यात. कमोडशेजारी धरायला सळई हवी आणि तिचे बोल्ट टाइलच्या मागच्या विटांत घट्ट बसायला हवेत, म्हणून भिंत ठोकून बघायला गवंड्याला रविवारी बोलावलंय.